बंब खरा, आग खोटी

पीएचडीच्या पहिल्या वर्षी लिहिलेल्या प्रपोजलचं पहिलं वाक्य मला अजून पाठ आहे. ‘अग्निशमनावर आधारित वास्तववादी व्हिडिओ गेम्सची मोठी कमतरता असून प्रस्तुत संशोधन ही उणीव भरून काढेल.’ गाइडनी त्याखाली पेन्सिलने रेघ मारली आणि समासात एकच शब्द लिहिला: ‘मग?’

मला रागच आला होता. कमतरता आहे म्हणजे आहे, त्यात ‘मग’ काय? चर्चेला बसलो तेव्हा सर म्हणाले, “उसाच्या गुऱ्हाळावरचे वास्तववादी गेम्सही नाहीत. त्यावर कुणी पीएचडी करतंय का?” तेव्हा हसू आलं नाही, आता येतं. तुमच्यापैकी जे पेटची तयारी करतायत किंवा सिनॉप्सिस लिहायला बसलेत, त्यांच्या वहीत असं एखादं ‘कमतरता आहे’ नक्की असणार. म्हणून आज माझंच वाक्य तुमच्यासमोर उसवून दाखवते. गेम्सवर टीका करायची आहे, आणि ती करता करता त्या वाक्याचं काय झालं तेही सांगते.

आधी कमतरता खरंच आहे का? गेम्स अगदीच नाहीत असं नाही. अटारी २६०० वर इमॅजिक कंपनीचा ‘फायर फायटर’ १९८२ सालीच आला. १९९४ मध्ये जपानच्या ह्यूमन एंटरटेनमेंटने सुपर निन्टेंडोसाठी ‘द फायरमेन’ काढला. सेगाचा ‘बर्निंग रेंजर्स’ १९९८ चा, कोनामीचा ‘फायरफायटर एफ.डी. १८’ २००४ चा, निन्टेंडो वीवरचा ‘रिअल हीरोज: फायरफायटर’ २००९ चा. जर्मनीची ‘इमर्जन्सी’ मालिका १९९८ मध्ये सुरू झाली. आणि २०२० मध्ये जर्मन प्रकाशक अ‍ॅस्ट्रॅगॉनचा ‘फायरफायटिंग सिम्युलेटर: द स्क्वॉड’ आला. अजून काही नावं सांगता येतील, पण चाळीस वर्षांच्या मानाने यादी तोकडीच आहे. एवढे युद्धाचे गेम्स तर वर्षभरात येत असतील.

तर आकड्यांपुरती कमतरता मान्य. गडबड आहे ती ‘वास्तववादी’ या शब्दात. तो मी प्रपोजलमध्ये चार वेळा वापरला होता आणि एकदाही त्याचा अर्थ सांगितला नव्हता.

‘द स्क्वॉड’च घ्या. यातले बंब रोझेनबॉअर या खऱ्या कंपनीचे आहेत, परवाना घेऊन हुबेहूब बनवलेले. हेल्मेट आणि बूटसुद्धा खऱ्या ब्रँडचे. सायरन, शिडी, होज जोडणं, सगळं मन लावून केलंय. मला हा गेम आवडतो, हे आधीच कबूल करते; मित्रांबरोबर खेळायला मजा येते. पण हा वास्तववाद कुठून आला ते बघा. ‘फार्मिंग सिम्युलेटर’, ‘युरो ट्रक सिम्युलेटर’ या घराण्यातला हा गेम आहे. त्या घराण्यात वास्तव म्हणजे यंत्र. ट्रॅक्टर खरा असला की काम झालं, कारण तिथे ट्रॅक्टर हाच विषय आहे. तीच मोजपट्टी अग्निशमनाला लावली की बंब खरा होतो आणि आग तशीच राहते. जाहिरातीत बॅकड्राफ्ट आणि फ्लॅशओव्हर ही नावं आहेत, पण धोक्यांच्या यादीत, जशी दुसऱ्या एखाद्या गेममध्ये राक्षसांची यादी असते.

हे मला स्वतःला सुचलं असतं तर बरं झालं असतं. तसं झालं नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये अग्निशमन दलातून लीडिंग फायरमन म्हणून निवृत्त झालेले एक काका राहतात. त्यांना मोठ्या कौतुकाने गेम दाखवायला बसवलं. मी दार तोडून आत शिरले, पाणी मारायला लागले. काका दोन मिनिटं बघत बसले आणि म्हणाले, “अगं, तुला तर सगळं दिसतंय की!”

मी म्हटलं, “म्हणजे?”

“आम्हाला स्वतःचा हात दिसायचा नाही. भिंतीला हात लावायचा आणि तो सोडायचा नाही, तसंच पुढं जायचं. आणि तू उभी काय राहिलीयस? बस खाली.”

त्या गेममध्ये धूर आहे, पण मी खेळले त्या मिशन्समध्ये तरी वाट दिसेल इतपतच. आग मात्र ठळक केशरी, कुठे पाणी मारायचं ते सांगणारी. काकांनी नंतर बीए सेटच्या घंटीबद्दल, म्हणजे सिलिंडरमधली हवा संपत आली की वाजते त्याबद्दल बरंच सांगितलं, ते कधीतरी वेगळं लिहीन. पण ‘तुला सगळं दिसतंय’ हे वाक्य माझ्या विषयाच्या मुळाशी गेलं. गेम ही डोळ्यांसाठी बनवलेली गोष्ट आहे. आणि आगीत माणसं बहुतेकदा मरतात ती धुराने, ज्वाळा त्यांच्यापर्यंत पोचायच्या आधी. मुंबईत २९ डिसेंबर २०१७ च्या कमला मिल आगीत १४ जण गेले, त्यातले बरेचसे स्वच्छतागृहात अडकून, गुदमरून. तो प्रसंग आजच्या कुठल्याही गेमच्या भाषेत मांडून बघा. पडद्यावर दाखवायला काहीच उरत नाही.

आता जरा भौतिकशास्त्र. घाबरू नका, मलाही ते पीएचडीला आल्यावरच कळलं.

जवळजवळ सगळ्या गेम्समध्ये आगीला एक लपलेला हेल्थ बार असतो. पाणी मारलं की तो कमी होतो, थांबलात की हळूहळू भरतो, शून्यावर आला की आग मेली. ‘द फायरमेन’मध्ये तर मोठ्या आगी चक्क बॉस म्हणून येतात. म्हणजे आग ही एका जागी उभी असलेली शत्रू आहे आणि पाणी ही बंदूक. इयान बोगोस्ट यांनी ‘पर्स्वेसिव्ह गेम्स’ (२००७) या पुस्तकात मांडलेली एक कल्पना इथे उपयोगी पडते: गेम आपलं म्हणणं संवादातून किंवा चित्रातून मांडतो त्यापेक्षा जास्त नियमांतून मांडतो. हेल्थ बारवाल्या आगीचं म्हणणं काय? जितकं पाणी जास्त तितकं चांगलं, जितक्या लवकर आत शिराल तितकं चांगलं, आणि दार म्हणजे फक्त मधला अडथळा.

खऱ्या बंद खोलीतली आग यातलं काहीच मानत नाही. ती मुळात वायूंचा प्रवाह असते. तापलेला धूर छताखाली साठतो, थर खाली खाली येतो, आणि त्या थराचं तापमान साधारण ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की खोलीतलं जे जे जळण्यासारखं आहे ते जवळपास एकदमच पेटतं. याला फ्लॅशओव्हर म्हणतात. पण खोली घट्ट बंद असेल तर त्याआधीच ऑक्सिजन कमी पडतो आणि आग मंदावते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, विझत आली. मग कुणीतरी मदत करायला म्हणून दार उघडतं. अमेरिकेत यूएल या संस्थेने खरी घरं बांधून, पेटवून हे मोजलंय: एकमजली घरात दार उघडल्यापासून दोन मिनिटांच्या आसपास आत थांबणं फायरमनलाही अशक्य होतं. त्यांच्याच आणखी एका प्रयोगात फोमचे सोफे आणि कृत्रिम कापड असलेली आजची दिवाणखान्याची खोली पाच मिनिटांच्या आत फ्लॅशओव्हरला पोचली. जुन्या धाटणीच्या फर्निचरच्या खोलीला त्याच टप्प्यावर यायला जवळपास अर्धा तास लागला. पाण्याचंही तसंच. एक लिटर पाण्याची वाफ झाली की ती १७०० लिटरच्या आसपास जागा मागते. चुकीच्या जागी उभं राहून पाणी मारलं तर ती वाफ तुमच्याच अंगावर येते.

म्हणजे इथे दार हे सगळ्यात मोठं हत्यार आहे, दोन्ही बाजूंनी. १९९९ च्या मे महिन्यात वॉशिंग्टन डी.सी.मध्ये चेरी रोडवरच्या एका घराला आग लागली. आग तळघरात होती. एक तुकडी पुढच्या दाराने वरच्या मजल्यावर शिरली. मागच्या बाजूने तळघराचं काचेचं सरकतं दार उघडलं गेलं. तिथून हवा आत गेली आणि तापलेले वायू जिन्यातून थेट वर आले. वरच्या मजल्यावर असलेल्या दोन फायरमननी जीव गमावला. निस्ट या अमेरिकी संस्थेने नंतर ही आग संगणकावर पुन्हा उभी केली आणि क्रम दाखवला.

ही घटना वाचल्यापासून मी प्रत्येक फायरफायटिंग गेमला एकच प्रश्न विचारते, आणि तुम्हीही विचारून बघा: या गेममध्ये चेरी रोड घडू शकतो का? घराच्या मागे तुमच्या जोडीदाराने केलेली चांगल्या हेतूची गोष्ट, काही सेकंदांनी, तुम्ही उभे आहात त्या खोलीत पोचते का? ‘द स्क्वॉड’ चौघांनी मिळून खेळायचा गेम आहे, म्हणजे रचना हाताशी आहे. तरी मी खेळले तेव्हा चौघंही आपापल्या कोपऱ्यातल्या आगीवर पाणी मारत होतो आणि कुणामुळे कुणाचं काही बिघडत नव्हतं.

इथे कॉम्प्युटरवाले मित्र लगेच म्हणतात, “अगं, तेवढी फिजिक्स रिअल टाइममध्ये चालत नाही.” हे अर्धं खरं आहे. निस्टचं ‘फायर डायनॅमिक्स सिम्युलेटर’ हे सॉफ्टवेअर २००० साली आलं, फुकट मिळतं, डाउनलोड करून बघा. खोलीचे छोटे छोटे घन पाडून प्रत्येकातला वायू, उष्णता, धूर ते मोजत जातं. काही मिनिटांच्या आगीला कित्येक तास, कधी दिवस लागतात. ते गेममध्ये बसवता येणार नाही हे कबूल. पण चेरी रोडसाठी एवढी अचूकता लागते कुठे? कुठली दारं-खिडक्या उघड्या आहेत, हवा कुठून आत येते, उष्णता कुठून बाहेर जाते, एवढा हिशोब पुरतो. ‘फार क्राय २’ या गोळीबाराच्या गेममध्ये २००८ सालीच वाऱ्याच्या दिशेने गवतातून पसरणारी आग होती, आणि ती खेळणाऱ्यावरही उलटायची. गंमत बघा, आगीने स्वतःच्या मनाने वागावं ही मुभा गोळीबाराच्या गेमने दिली.

बाजार नाही, हे दुसरं कारण सांगतात. तेही मला पटत नाही. रिकाम्या हायवेवर तासन्‌तास ट्रक चालवायला लोक पैसे मोजतात. कंटाळा विकला जातो. मला वाटतं खरी अडचण चूक आणि तिची शिक्षा यांच्यातल्या अंतराची आहे. गेममध्ये खेळणाऱ्याला आपण का मेलो ते ताबडतोब कळावं लागतं, नाहीतर तो ‘गेम अन्यायी आहे’ म्हणतो आणि बंद करतो. आगीत नेमकं तेच कळत नाही.

याचा सगळ्यात चांगला पुरावा गेम्सच्या बाहेर आहे. गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात फायर कमांडर निर्णय कसे घेतात याचा अभ्यास केला. पर्यायांची तुलना करून निर्णय होतो हे त्यावेळचं पुस्तकी चित्र. या लोकांनी सांगितलं की आम्ही तुलना करतच नाही, परिस्थिती ओळखतो आणि वागतो. त्यातला एक प्रसंग प्रसिद्ध आहे. एक लेफ्टनंट आपली तुकडी घेऊन एका घरात शिरला. स्वयंपाकघरात आग. पाणी मारलं, आग दबेना. ते दिवाणखान्यात मागे आले, आणि त्याला काहीतरी चुकतंय असं वाटलं. त्याने सगळ्यांना बाहेर काढलं. लगेचच ते उभे होते ती जमीन खाली कोसळली. आग मुळात तळघरात होती, आणि घराला तळघर आहे हेच त्याला माहीत नव्हतं. तो स्वतः याला अतींद्रिय शक्ती समजत होता. क्लाइननी खोदून विचारल्यावर तीन गोष्टी निघाल्या: एवढ्या छोट्या आगीच्या मानाने खोली फार तापलेली होती, पाण्याचा परिणाम हवा तसा होत नव्हता, आणि आवाज फार कमी होता. मधली जमीन आवाज अडवत होती.

तीनही गोष्टी पुन्हा वाचा. यातली एकही डोळ्यांनी दिसणारी ज्वाळा नाही. दोन तर चक्क ‘अपेक्षेप्रमाणे न घडणं’ आहेत. अपेक्षा तयार व्हायला आधी शेकडो वर्द्यांवर जाऊन आलेलं असावं लागतं. गेमने हा प्रसंग केला तर काय होईल? पडद्यावर ‘जमीन कमजोर आहे!’ असं लाल अक्षरांत चमकेल. तिथेच सगळं संपलं. जे कौशल्य होतं ते गेमने स्वतः करून टाकलं, खेळणाऱ्याच्या हातात फक्त पळणं उरलं.

म्हणूनच मला ‘बर्निंग रेंजर्स’चं कौतुक वाटतं, आणि हे ऐकून तुम्ही दचकाल. भविष्यकाळातले उडते फायरमन, विझलेल्या आगीतून निघणारे स्फटिक, अवास्तवतेचा कळस. पण त्यात वाट शोधायला नकाशा नाही, रेडिओवरचा आवाज सांगतो कुठे वळायचं. खेळणारा पडद्यापेक्षा कानावर विसंबतो. दिसायला सगळ्यात खोटा असलेला हा गेम एका बाबतीत, म्हणजे माहिती कुठून आणि कशी मिळते या बाबतीत, परवाना घेतलेल्या बंबांपेक्षा खऱ्या वर्दीच्या जवळ जातो. सिम्युलेशनच्या अभ्यासात या दोन गोष्टी वेगळ्या मानतात: दिसण्यातली सचोटी आणि कामातली सचोटी. माझ्या प्रपोजलमधला ‘वास्तववादी’ हा शब्द या दोघींना एकाच पिशवीत कोंबत होता.

व्यावसायिक प्रशिक्षणाची सॉफ्टवेअरही आहेत. अमेरिकेत फ्लेमसिम आहे, नेदरलँड्समध्ये एक्सव्हीआर आहे. एक्सव्हीआरसारख्या प्रणालीत मला आवडलेली गोष्ट अशी की प्रसंग प्रशिक्षकाच्या हातात असतो. प्रशिक्षणार्थी काय करतोय ते बघून तो परिस्थिती बदलतो. म्हणजे आगीची भूमिका एक अनुभवी माणूस वठवतो! हे समजल्यावर माझा ‘फिजिक्स कमी पडते’ हा मुद्दा आणखी ढिला पडला.

आता यात कुणाचं काय बिघडतं, हा तो ‘मग?’. प्रशिक्षणाच्या क्षेत्रात निगेटिव्ह ट्रेनिंग असा शब्द आहे: सिम्युलेटरवर शिकलेली सवय खऱ्या जागी घात करते. गेम खेळणारे बहुतेक जण फायरमन होणार नाहीत हे खरं. पण ते सगळे कुठल्यातरी बिल्डिंगमध्ये राहतात. शेजारच्या खोलीत आग लागली तर दार ओढून घेऊन बाहेर पडायचं, की ‘बघू तरी’ म्हणून उघडायचं? बंद दार धूर आणि उष्णता अडवतं, उघडं दार आगीला हवा देतं. दहा तास दारं तोडून बक्षीस मिळवलेल्या हाताला यातलं काय आठवेल? मला माहीत नाही. मला माहीत नाही, हे लक्षात आलं तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे प्रश्न आला.

अल्व्हेसन आणि सँडबर्ग यांचा २०११ चा एक पेपर आहे, संशोधनाचे प्रश्न कसे तयार होतात यावर. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: आपण साहित्यात भोक शोधतो आणि ते बुजवतो; त्यापेक्षा सगळे जे गृहीत धरून चालतात ते गृहीतक पकडा. माझ्या बाबतीत गृहीतक होतं, ‘आग जितकी खरी दिसेल तितका गेम वास्तववादी’. ते पकडल्यावर प्रपोजलचं पहिलं वाक्य असं झालं: ‘खेळणाऱ्याला आग दिसत नसताना तो दाराबद्दलचा निर्णय कशावरून घेतो, आणि गेमने दिलेले कोणते संकेत हा निर्णय सुधारतात किंवा बिघडवतात?’ लांबलचक आहे, सरांनी दोनदा कापायला लावलं. पण यावेळी समासात ‘मग?’ नव्हतं, ‘उष्णता कशी दाखवणार?’ असं होतं. त्यावर मी अजून अडकलेली आहे. लेफ्टनंटला खोली तापलेली अंगाने कळली. हेडसेटमधून ते कसं सांगायचं?

मागच्या महिन्यात एक छोटी लेव्हल बनवली. एकच फ्लॅट, तीन दारं, धूर छतापासून गुडघ्यापर्यंत खाली येतो, खाली बसलं तरच जमीन दिसते. बाकी फक्त आवाज. रूममेटला खेळायला दिली. ती वीस सेकंद काळ्या पडद्याकडे बघत बसली, मग हेडफोन काढून म्हणाली, “अगं, तुझा लॅपटॉप बिघडलाय बहुतेक.”

काकांना तीच लेव्हल दाखवली. त्यांनी माऊसला हातसुद्धा लावला नाही. मान थोडी वाकडी करून ऐकत राहिले, आणि म्हणाले, “डावीकडचं दार उघडू नकोस.”